कडकडाटाची वाटणी

नाटक कंपनीत सगळे त्यांना वीजकाका म्हणत. दिव्यांची वीज नव्हे. दिवे सांभाळणारा माणूस वेगळा होता आणि त्याला कुणी काका म्हणत नसे. वीजकाका आभाळातली वीज पाडत. रंगमंचाच्या उजव्या विंगेत छतापासून एक लांबलचक पत्रा टांगलेला होता, त्याच्या खालच्या कडेला लाकडी मूठ. मूठ हळूहळू हलवली की लांबवरचे ढग, हिसडा दिला की वीज. शेजारी दोरीत ओवलेल्या फळ्यांची माळ होती. दोरी सोडली की फळ्या एकमेकींवर आपटत खाली येत. पत्रा आणि फळ्या एकाच दमात वाजल्या की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीत दचकत आणि मग आपण दचकलोच नाही असं दाखवायला उगाच कपडे नीट करत. काका विंगेतल्या फटीतून ते बघत आणि समाधानाने हातमोजे काढत.

एवढा आवाज करणाऱ्या या माणसाला स्वतःचा आवाज मात्र जेमतेम होता. बसमध्ये ते उतरायच्या ठिकाणाचं नाव सांगत, कंडक्टर "काय?" म्हणे, ते पुन्हा सांगत, कंडक्टर पुन्हा "काय?" म्हणे. मागची माणसं कुरकुरू लागली की काका पुढच्याच्या तिकिटाकडे बोट दाखवून "तेच" अशी मान हलवत, तो उतरेल तिथे उतरत आणि उरलेलं अंतर पायी जात. बायको तर आल्यागेल्याला सांगे, "यांनी मला लग्नाचं विचारलं तेव्हा मला वाटलं पाणी मागतायत. मी तांब्या भरून आणून दिला. यांनी निमूटपणे पिऊनसुद्धा टाकलं."

बायकोचा स्वतःचा आवाज असा होता की जिन्यात तिने हाक मारली तर खालच्या मजल्यावरची माणसं "आलो" म्हणत. काकांना तो फार आवडे. आपल्या वाट्याचाही हिनेच घेतलाय, असं त्यांना वाटे.

कडकडाट या शब्दावर मात्र काकांचा हक्क होता. निदान त्यांची तशी समजूत होती. ढगांचा गडगडाट आणि विजेचा कडकडाट, यात कुणी गल्लत केली की त्यांना ठसका लागे. गडगडाट लांबून लोळत येतो, कडकडाट डोक्यावर फुटतो, एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये म्हणजे काय! मग हळू आवाजात ते समजावून सांगू लागत आणि समोरचा माणूस "काय?" म्हणे.

घरी या हक्काचं कुणाला काही नव्हतं.

"कडकडून भूक लागलीय," बायको ताट मांडता मांडता म्हणे.

"भूक कधी वाजते का?"

"माझी वाजते. ऐकायची असेल तर भाजी चिरायला घ्या, नाहीतर थोड्या वेळाने ऐकवते."

आंघोळीचं पाणी कडकडीत झालं म्हटलं तरी काकांच्या कपाळाला आठी पडे. पाणी खळखळेल, उकळेल, पण कडकडेल कसं? थंडीच्या कडाक्याला त्यांची हरकत नव्हती, कारण थंडीत दात वाजतात. कुणी कडाकडा बोटं मोडली तर तेही त्यांना मंजूर होतं, कारण तिथे आवाज खरोखर निघतो. हे ते अनुभवाने सांगत. थोरल्या वहिनींनी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती आणि तो आवाज त्यांनी दोन दारांआडून ऐकला होता.

त्याचं असं झालं, की या शब्दाला आणखी एक मालक होता आणि तो त्यांच्याच घरात जन्मला होता. थोरला भाऊ, सगळ्या कंपनीचा दादा. वडील याच कंपनीत पडदा ओढायचे. एक मुलगा पडद्याच्या पुढे गेला, दुसरा मागे राहिला. दादा मोठे नट झाले. उंच, भरदार आवाजाचे, साधं "दार लाव" म्हणाले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं असे. दादांचं मोठं वाक्य संपलं की टाळ्यांचा कडकडाट होई. त्या कडकडाटावर काकांनी कधी हरकत घेतली नव्हती. वडिलोपार्जित घर वाटावं तशी त्यांनी मनातल्या मनात या शब्दाची वाटणी करून टाकली होती: टाळ्यांचा दादाचा, विजेचा माझा. टाळ्या सुरू झाल्या की काकाही विंगेत मोजे काढून टाळ्या वाजवत. मोज्यांसकट वाजवल्या तर आवाज येत नाही, म्हणून काढून.

मग ती शिंक आली.

नाटक म्हाताऱ्या नावाड्याचं होतं. नदीला पूर, वादळ घोंगावतंय, नावाडी एकटा काठावर उभा. वीज पडते. मग सगळं एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत दादा नदीपलीकडे बघत अगदी हळू विचारतात, "पलीकडे कुणी आहे का?" बस, एवढंच. या वाक्यावर बायका डोळे पुसत आणि पुरुष खोकत. त्या दिवशी दादांनी "पलीकडे" म्हणायला तोंड उघडलं, काकांच्या नाकात पत्र्यावरची धूळ गेली आणि मूठ हातात असताना त्यांना जी शिंक आली तिने पत्रा असा हादरला की पुढचं वाक्य दादांनाही ऐकू गेलं नाही. प्रेक्षक हसले. नावाड्याच्या पुरात लोक हसले!

दादा हातात वल्हं घेऊन तसेच विंगेत आले. "मुद्दाम केलंस."

"शिंक आली, दादा."

"शिंकेला सबंध नाटकात माझंच वाक्य सापडलं?"

"धूळ होती. खरंच."

"मला टाळ्या मिळतात ते तुला बघवत नाही," दादा म्हणाले.

काकांनी हातातल्या मोज्यांकडे पाहिलं. टाळ्यांसाठी आपण हे काढतो, हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांच्या मनात आलेलं ओठांपर्यंत येईपर्यंत समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असे. दादाही गेले. कडाक्याचं भांडण म्हणतात ते हेच. आवाज मात्र एकाच बाजूने झाला.

तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच कंपनीत होते, एकाच विंगेतून ये-जा होती, तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून जात. "त्यांना सांगा, वीज जरा लवकर पडली." "त्यांना सांगा, ते उशिरा आले." हे "ते" हाताच्या अंतरावर उभे असत. वहिनींनी सुरुवातीला मन लावून बोटं मोडली, मग त्यांना कंटाळा आला आणि त्या जावेकडे शिवणयंत्र मागायला येऊ लागल्या. दोघी जावा तासन्‌तास गप्पा मारत आणि आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवत. बायकांनी मिटवलेलं भांडण पुरुषांनी तेवढं जपून ठेवलं होतं.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे, पण कंपनीने नावाड्याचं नाटक पुन्हा उभं केलं. दादांचे केस आता खरेच पांढरे झाले होते, टोपाचा खर्च वाचला. दिग्दर्शनाला एक नवीन बाई आल्या. हुशार, कामाला वाघ, पण आवाजाच्या बाबतीत काकांच्या मते अगदीच सढळ हाताच्या. जिथे म्हणून काही वाजायचं असेल तिथे त्यांनी संहितेत "कडकडाट" लिहून ठेवलं होतं.

"बाई, इथे ढग आहेत," काका तालमीत म्हणाले.

"काय?"

"इथे गडगडाट हवा. वीज अजून यायचीय."

"काका, लिहिलंय ते वाजवा ना."

काकांनी ढग वाजवले. बाईंनी पुन्हा कडकडाट मागितला. काकांनी पुन्हा ढगच वाजवले, जरा मोठे. असं चार-सहा ठिकाणी झाल्यावर बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, माझ्या ओळखीच्यांकडे यंत्र आहे. बटण दाबलं की वीज. ते वाद घालत नाही. तुमचा पत्रा मला आवडतो, म्हणून ठेवलाय. पण प्रयोगात एक जरी वीज भलत्या जागी पडली, तर दुसऱ्या दिवशी यंत्र. कबूल?"

काकांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी पत्रा रोज ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली, आणि नाकाला रुमाल बांधूनच ते मूठ धरू लागले. या पत्र्याशिवाय ते कोण होते? बसमध्ये दुसऱ्याच्या तिकिटावर बोट ठेवणारा एक माणूस. आपला आवाज कुणाला ऐकू जाण्याची ही एकच जागा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच तालमींत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दादांचा उजवा अंगठा. लहानपणी वडिलांसमोर पाठ केलेलं म्हणून दाखवताना दादा अडला की त्याचा अंगठा शेजारच्या बोटावर घासायला लागे, माचिसची काडी ओढावी तसा. वडिलांना ते कधी कळलं नाही. धाकट्याला कळे, कारण तो मागे उभा राहून हळूच पुढचा शब्द सांगे. तोच अंगठा आता तालमीत घासताना दिसला. एकदा, मग पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी दादांनी एक मोठा श्वास घेतला, नदीकडे पाहिलं आणि वाक्य सापडलं. बाई म्हणाल्या, "वा, काय सुंदर थांबता तुम्ही!"

पूर्वी विंगेत बसून शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर असे. दादांनीच तो काढून टाकायला लावला होता. "मला लागत नाही," असं ते भरदार आवाजात म्हणाले होते आणि त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. काका घरी आले आणि जेवताना नुसते भात चिवडत बसले.

पहिला प्रयोग दुपारचा होता. प्रेक्षागृह भरलेलं. ढग ठरल्या ठिकाणी आले, ठरल्या ठिकाणी गेले. बाईंनी विंगेच्या दुसऱ्या टोकाकडून काकांना अंगठा उंचावून दाखवला. मग काठावरचा प्रवेश. काकांनी पत्रा आणि फळ्या एका दमात वाजवल्या, पहिली रांग दचकली, वीज विरली. सगळं शांत. दादा अगदी उजव्या कडेला, पत्र्यापासून चार पावलांवर, नदीपलीकडे बघत उभे.

शांतता लांबली. बाईंना वाटलं, काय सुंदर थांबलेत. प्रेक्षकांनाही तसंच वाटलं असावं.

काकांनी अंगठा पाहिला. तो घासत होता. दादांनी मोठा श्वास घेतला, पण अंगठा थांबेना. दुसरा श्वास घेतला. आता त्यांची नजर नदीपलीकडे नव्हती, कुठेच नव्हती. पांढऱ्या भुवयांखालचं ते तोंड एकदम लहान मुलाचं झालं होतं. पाठीमागून शब्द येईल म्हणून वाट बघणारं.

मागच्या कुठल्या तरी खुर्चीत कुणी तरी चुळबुळलं.

काकांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. त्यांनी फळ्यांची दोरी ओढून धरली आणि सोडली, पत्र्याची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि हिसडली, हिसडतच राहिले. नाटकात कधी झाला नव्हता असा कडकडाट झाला. विंगेतली धूळ उडाली, छतावरचे दिवे थरथरले. आणि त्या कडकडाटाच्या आत, नाकावरचा रुमाल खाली ओढून, जन्मात कधी ओरडला नव्हता तो माणूस छाती फुटेस्तोवर ओरडला:

"दादा! पलीकडे कुणी आहे का! पलीकडे कुणी आहे का, दादा!"

प्रेक्षागृहात कुणाला काही कळलं नाही. वीज एवढी मोठी पडत असताना कोण कुणाचं ऐकणार? चार पावलांवरच्या माणसाला तेवढं ऐकू गेलं. काकांनी पत्रा छातीशी आवळून धरला. कडकडाट तिथल्या तिथे मेला.

"पलीकडे," दादा म्हणाले. "पलीकडे कुणी आहे का?"

दिवे मालवले. मग टाळ्या. असा कडकडाट की पडदा ओढणाऱ्याला पडदा कधी ओढायचा ते सुचेना. काका अंधारात मोजे शोधत राहिले; ते हातातच होते. त्यांनी ते काढले आणि टाळ्या वाजवल्या.

बाई अंधार संपायच्या आत येऊन पोहोचल्या. "काका! तिथे वीज? त्या वाक्यावर? एवढं सांगूनही?"

काकांनी दादांकडे पाहिलं. दादा मान खाली घालून समोरून रंगपटात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"शिंक आली," काका म्हणाले.

गंमत बघा. पूर्वी खरोखर शिंक आली होती तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नव्हता. या वेळी सगळ्यांनी ठेवला. दिवेवाला तर म्हणाला, "काकांना तिथे शिंक येतेच हो, जुना आजार आहे." बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या यंत्र येईल. मला वाईट वाटतंय, काका. पण बोलणं झालं होतं आपलं."

घरी बायकोने दार उघडलं. काका काही तरी म्हणाले. नेहमी निदान थोडं ऐकू येई, आज नुसते ओठ हलले.

"घसा बसलाय तुमचा? कशाने?"

काकांनी नाकाकडे बोट दाखवून शिंकल्याचा अभिनय केला.

"शिंकून घसा बसत नाही," बायको म्हणाली. "तुम्ही ओरडलात. कुणावर ओरडलात? आणि मला सोडून?"

तिने मीठ घातलेलं कोमट पाणी आणलं आणि त्यांना गुळण्या करायला लावता लावता सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर तिने आवाज खाली आणला, आणि तिच्या बाबतीत हे आजारपणासारखंच होतं. मग म्हणाली, "बाईंना सांगायचं होतंत ना सरळ, की दादा विसरले."

"मग त्याला नावाडी कोण करू देईल?" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आणि तुमचा पत्रा?"

काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दादाने दार लावून घेतलं, हे त्यांना पत्र्याहून जास्त लागलं होतं. एक शब्द तरी बोलायचा होता त्याने.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. काळं, चौकोनी, दोन मोठी खोकी आणि वायरींचं भेंडोळं. काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पत्र्याजवळ बसले होते. पत्रा कंपनीचा होता, पण मूठ त्यांनी स्वतः तासून बसवलेली; तेवढी घरी न्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. एक स्क्रू निघाला आणि घरंगळत गेला. एका जोड्यापाशी थांबला.

दादा वाकले आणि त्यांनी तो उचलला.

"बाई," दादा म्हणाले. हळू म्हणाले, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत. "ती खोकी परत पाठवा."

"दादा, काल तुमचं सगळ्यात मोठं वाक्य यांनी..."

"वाक्य मी विसरलो होतो."

दिवेवाला शिडीवर होता तिथेच थांबला.

"काहीच आठवत नव्हतं," दादा म्हणाले. "नदी कुठली, मी कोण, काही नाही. वाक्य याने दिलं. वीज पाडून, तिच्याआडून ओरडून दिलं. काल मी दार लावून बसलो, कारण मला लाज वाटली. तालमीतही विसरत होतो, बाई. तुम्ही सुंदर म्हणत होतात तेव्हा. आता नावाडी दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर द्या. पण शिंकबिंक काही आली नव्हती याला."

बाई खोक्यावरच बसल्या. पेन्सिलचं टोक चावत त्यांनी दोघा भावांकडे आळीपाळीने पाहिलं. "प्रॉम्प्टर परत बसवायचा," शेवटी त्या म्हणाल्या. "यावर वाद नको. आणि ती वीज आता राहू दे तिथेच. लोकांना आवडली." त्यांनी संहिता उघडली. "काका, काय लिहू?"

काकांनी ओठ हलवले. काही निघालं नाही. त्यांनी बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या वाक्याच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कडकडाट.

दादा त्यांच्यासमोर उभे होते, हातात तो स्क्रू.

"जरा लांब ठेव ती वीज," दादा म्हणाले. कुणाच्या तोंडून नाही, समोरासमोर. "मला आठवायला वेळ लागतो हल्ली."

काका काही तरी म्हणाले.

"काय?" दादांनी कान पुढे केला. त्यांचे डोळे भरले होते. "मोठ्याने बोल ना. काल बोललास तसं."

काकांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. त्यांनी दादांच्या हातातला स्क्रू घेतला, मूठ पत्र्यावर पुन्हा बसवली, स्क्रू पिळून घट्ट केला. मग दोन्ही हातांनी मूठ धरली आणि हिसडा दिला. रिकामं प्रेक्षागृह दणाणलं, दिवेवाल्याने शिडीला मिठी मारली, बाईंच्या हातातली संहिता खाली पडली.

"हं," दादा डोळे पुसत म्हणाले, "आलं ऐकू." आणि ते तोंडाला रंग लावायला गेले.